शपथ मराठीत घेतली होती

आधी एक गोष्ट सांगून ठेवते, मंग पुढचं. माझी अन् पद्माबाईची शपथ मोडलेली न्हाई. गावात कोनी काय बी बोलून राहिलं तरी ऐकू नका. शपथ जशीच्या तशी शाबूत हाय, अन् तिला धक्का न लावता जे झालं ते झालं.

पद्माबाई माझी थोरली जाऊ. कळमनुरीच्या रोडला लागून आमचं गाव, अन् गावात आमची दोन घरं एका भिंतीला चिकटून. भिंत एक, अंगण एक, नळ एक. तोंडं तेवढी दोन, अन् दोन्ही तिखट. माझं जरा जास्त, असं पूनमचे बाप म्हणतात. पूनम माझी लेक. तिला डोंगरकड्याला दिली, अन् तिच्याच लग्नात हा सगळा राडा झाला.

राडा झाला मानपानाच्या साड्यांवरून. पद्माबाईला मी हिरवी साडी घेतली व्हती, बारीक काठाची. तिला हिरवा रंग आवडतो म्हणून हिंगोलीच्या दुकानात मी सगळे गठ्ठे उलटेपालटे करायला लावले. दुकानदार शेवटी म्हणला, मावशी, आता माझी नेसलेली लुंगी तेवढी दाखवायची राहिली. तर ती साडी. अन् माझ्या बहिणीला जांभळी, भरजरी काठाची. ती मी न्हवती घेतली. ती माझ्या भावानं घेतली, सोताच्या हौसेनं, अन् मला म्हणला, तुझ्या हातानं दे. मी दिली. तिथंच माझं चुकलं म्हणायचं असंल तर म्हणा, मी तर म्हणणार न्हाई.

पद्माबाईनं दोन्ही साड्या नजरेनं तोलल्या, अन् भर मांडवात हिरवी साडी माझ्या मांडीवर टाकली. म्हणली, "ही बुजगावण्याला नेसव. बहिणीला शालू अन् राबणाऱ्या जावंला चिंधी."

मी सांगायला तोंड उघडलं, तर ही बोलूच देईना. "माझ्या माऊलीच्या गळ्याची शपथ, आजपासून तुझ्याशी एक शब्द बोलले तर." माऊली तिचा एकुलता एक. मी काय मागं राहते व्हय? मी म्हणले, "माझ्या पूनमच्या गळ्याची शपथ, मी बोलले तर." नवरी मुंडावळ्या बांधून बसलेली, अन् मी तिच्याच गळ्याची शपथ खाऊन राहिले. रागात माणसाला भान राहतं का?

राग उतरतो हो. माझा तर पूनमला वाटं लावून घरी येईपर्यंत निम्मा उतरला व्हता. पण शपथ उतरत न्हाई. बोलले अन् लेकराला काही झालं तर? त्या भ्यानं दोघी गप.

मंग आमी म्हशीशी बोलायला लागलो. चंद्री म्हैस पद्माबाईची, पण बांधायची दोघींच्या दारांच्या मधे. नळ आला की पद्माबाई म्हणायची, "चंद्रे, नळ आला गं, कोनाला भरायचं असंल तर भरा म्हणावं." मी म्हणायची, "चंद्रे, ऐकू आलं म्हणावं, मी काय बहिरी न्हाई." चंद्री आपली रवंथ करायची. साडीचं तेवढं मी म्हशीला सांगितलं न्हाई. माझ्या मनातलं खरं दुखणं म्हशीमार्फत धाडावं, इतकी काही मी उतरले न्हवते. एकदा माणसामार्फत निरोप धाडून बघितला, तर तिकडं पोचेपर्यंत त्याला अशी फोडणी बसली की भांडण दुप्पट झालं.

असे दोन उन्हाळे गेले, अन् माऊलीचं लग्न ठरलं.

माऊली माझ्या मांडीवर वाढलेला. त्याच्या बाळंतपणात पद्माबाई लई आजारी पडली, तवा त्याला वाटीचमच्यानं दूध पाजलं ते मी. आजून बी घरची भाजी आवडली न्हाई की ताट उचलून माझ्याकडं येतो. शपथ आमच्या दोघीत, त्याच्यात न्हाई. तोच पत्रिका घेऊन आला. "काकू, पयली तुमाला."

"ठेव तिथं," म्हणले.

त्याला बी माहीत, मला बी माहीत. आमच्या भावकीत पत्रिकेला कोन विचारतं? घरच्या बाईनं हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात यायचं, कुंकू लावायचं अन् तोंडानं म्हणायचं, लग्नाला या. तोंडाचं बोलावणं न्हाई तर सख्खी बहीण बी जात न्हाई. अन् पद्माबाई म्हणणार कशी? शपथ कोनाच्या गळ्याची? ज्याचं लग्न, त्याच्याच. लग्नाचं बोलावणं काय म्हशीमार्फत येतं?

माऊली म्हणला, "काकू, तुमी न्हाई आल्या तर मी हळद लावून घेणार न्हाई."

"लावून घेशील गुमान," मी म्हणले, अन् तो गेल्यावर चुलीपुढं बसून रडले. धूर झाला म्हणून न्हाई, घरात गॅस हाय. मला त्या लग्नाला जायचं व्हतं. त्याच्या अंगाला पयली हळद माझ्या हातानं लावायची व्हती.

ह्या लफड्यात इंग्रजी कुठून आलं ते सांगते. शेतातली हळद निघाली, शिजली, वाळली, बाजारात गेली, अन् बाया मोकळ्या झाल्या. पोलीस पाटलाची सून शिवकन्या बी.ए., बी.एड. होऊन घरात भाकरी थापून राहिली व्हती. तिनं समाजमंदिरात दुपारचा इंग्रजीचा वर्ग काढला. म्हणली, मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो, तो पैसे आल्याचा का गेल्याचा ते तुमाला कळत न्हाई, औषधाच्या पाकिटावरचं वाचता येत न्हाई, किती दिवस पोरांच्या तोंडाकडं बघणार? मला वाटलं, इतके दिवस बघितलं, आजून थोडे दिवस बघू. मी काही जाणार न्हवते. पण पद्माबाई केस विंचरून, कोपऱ्यातली पिशवी झटकून निघाली. तिला इंग्रजी येणार अन् मी नुसती मराठीत बसणार, हे कसं चालंल? मी बी निघाले.

पयल्या दिवशी ए बी सी डी झालं, मंग शिवकन्या म्हणली, "आता जोड्या करायच्या. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. मोठ्या काकू, तुमी विचारा, व्हॉट इज युवर नेम. जिवन काकू, तुमी सांगा."

सगळ्या बाया आमच्याकडं बघायला लागल्या. शिवकन्या गावात नवी, तिला आमचं माहीत नसंल असं तवा मला वाटलं. आता वाटतं, तिला सगळं माहीत व्हतं. पद्माबाईनं छताकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. तिथं चंद्री न्हवती. शेवटी माझ्या कपाळाकडं बघून म्हणली, "व्हॉट इज युवर नेम."

दोन सालांनी ती बाई माझ्याशी बोलली, अन् विचारलं काय, तर नाव. लग्न होऊन आले तवापासून एका नळावर पाणी भरून राहिलो, अन् नाव विचारते. मला हसू बी आलं अन् रडू बी. म्हणले, "माय नेम इज जिवनबाई."

तेवढ्यात मागून पार्वतीबाईचा आवाज आला. पार्वतीबाई वर्गातली सगळ्यात म्हातारी, तिला अक्षरं दिसत न्हाईत पण भांडणं लांबून दिसतात. "अगं पोरींनो, शपथ?"

मी वर्ग सोडून भायेर पळाले अन् पूनमला फोन लावला. "तुझा गळा दुखून राहिला का?"

"न्हाई."

"ठसका? कणकण?"

"न्हाई गं आई. काहून?"

"काही न्हाई. पाणी पी." फोन ठेवून बघते तर पलीकडच्या लिंबाखाली पद्माबाई, माऊलीला फोन लावून. "शिंक तरी आली का रे? खरं सांग," म्हणून राहिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात इंग्रजी बाजूला राहिलं अन् पंचायत बसली. कोनी म्हणलं बोलणं ते बोलणं, कोनी म्हणलं ते तर पाठ केलेलं व्हतं. शेवटी पार्वतीबाईनं निकाल दिला. "शपथ कशात घेतली व्हती?"

"मराठीत," चारजणी म्हणल्या.

"मंग शपथंला इंग्रजी येतं का? आपल्याला साठ साल येईना, तिला कुठून येणार?"

हे सगळ्यांना पटलं. शिवकन्याला बी पटलं, अन् ती तर बी.एड. शिवाय दोन्ही लेकरं धडधाकट. मी अन् पद्माबाईनं निकाल कबूल केला. मानेनंच केला, मराठीत बोलायची चोरी.

मंग काय विचारता. वर्गात आमच्या दोघींइतका अभ्यास कोनाचा न्हवता. बाकीच्या बाया डुलक्या घ्यायच्या अन् आमी घोकून राहायचो. सकाळी नळ आला की भिंतीपलीकडून आवाज, "वॉटर कम." इकडून मी, "थँक यू." कवा तिनं विचारावं, "हाऊ आर यू," अन् मी म्हणावं, "आय ॲम फाइन," कंबर मोडलेली असली तरी. चंद्री आमच्याकडं बघत राहायची, तिची नोकरी गेल्यासारखी. पूनमचे बाप म्हणले, "तुमी दोघी काय बोलून राहिल्या ते कळत न्हाई, पण आवाज खाली आला, लई बरं वाटतं."

मला वाटायचं, आता साडीचं सांगून टाकावं. पण सांगणार कशानं? माझ्याजवळ शब्द व्हते आंबा, मांजर, पेन अन् छत्री. छत्रीवरून भावाच्या साडीपर्यंत जायचं कसं? अन् माझं भांडण पडलं दोन सालांमागचं, शिवकन्या तर म्हणली व्हती, भूतकाळ लग्नसराईनंतर घेऊ. इकडं लग्न तोंडावर आलं. एका दुपारी मी तिला गाठलं.

"भाऊ कवा शिकवणार?"

"कोनाचा भाऊ, काकू?"

"इंग्रजीतला."

"नातीगोती पुढं हायत. आधी रंग, मंग शरीराचे अवयव."

"अवयव ऱ्हाऊ दे. माझे हायत जागच्या जागी. भाऊ आजच दे."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, अन् काही न विचारता भाऊ दिला, बहीण दिली, अन् मी मागितलं न्हवतं तरी 'देणं' बी दिलं. मी ते तीन शब्द पदराच्या गाठीत बांधल्यासारखे घरी आणले. भाकरी थापताना ब्रदर, सिस्टर, गिव्ह. भांडी घासताना गिव्ह, सिस्टर, ब्रदर.

रंगाच्या दिवशी पुन्हा जोड्या झाल्या. ह्या खेपेला विचारायची पाळी माझी. मी म्हणले, "व्हॉट कलर डू यू लाइक?"

पद्माबाई लाल साडीत बसलेली. लाल म्हणून सुटता आलं असतं. पण ती बाई खोटं बोलत न्हाई, इंग्रजीत बी न्हाई. खाली बघून म्हणली, "आय लाइक ग्रीन."

"व्हाय नो टेक ग्रीन सारी?" मी विचारलं. हे पुस्तकात न्हवतं. वर्गातल्या डुलक्या घेणाऱ्या सगळ्या जाग्या झाल्या.

पद्माबाई उठून उभी राहिली. "युवर सिस्टर सारी, बिग. माय सारी, स्मॉल. आय वर्क, वर्क, वर्क. सिस्टर नो वर्क. सिस्टर बिग सारी. व्हाय?"

मी बी उठले. "सिस्टर सारी आय नो गिव्ह. माय ब्रदर गिव्ह. ग्रीन सारी, आय गिव्ह. आय गो हिंगोली. आय सी सारी, सी सारी, सी सारी. पद्माबाई लाइक ग्रीन. आय गिव्ह ग्रीन." एवढं बोलून माझे शब्द संपले. दोन सालांपासून छातीवर धोंडा व्हता तो एवढ्याशा शब्दांत निघाला, अन् माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शिवकन्यानं एक चूक दुरुस्त केली न्हाई. फळ्याकडं तोंड करून उभी राहिली.

सॉरी पद्माबाईला येत व्हतं, पयल्याच आठवड्यात झालं व्हतं. पण ती थोरली. तिनं पिशवी उचलली अन् निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली न्हाई. तिसऱ्या दिवशी बी न्हाई. सकाळी नळ आला तर वॉटर कम न्हाई, चंद्रीला बी काही सांगितलं न्हाई. मी हंडे आपटून बघितले. भिंतीपलीकडं गप. मला वाटलं, ह्यापेक्षा म्हैस बरी व्हती. कशाला मी तो ब्रदर शिकले.

मंग बोलावणी सुरू झाली. पद्माबाई नवं लुगडं नेसून, ताट घेऊन गल्लीतून फिरून राहिली. पार्वतीबाईकडं गेली, पाटलाकडं गेली, जिच्याशी तिचं कवा पटलं न्हाई त्या किराणावालीकडं बी गेली. माझ्या दारावरून दोनदा गेली अन् दोनदा परत आली. मी ओट्यावर बसून डाळ निवडत व्हते. निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत व्हते. पूनमचे बाप म्हणले, "घरचं लग्न, चल की. घरच्याला बोलावणं कशाला?"

"तुमी जा. तुमाला मान न्हाई, मला हाय," मी म्हणले. त्यांनी गुमान टोपी घातली अन् मांडवाचे बांबू बघायला गेले.

हळद उद्यावर आली. दुपारी ऊन टळटळून राहिलं व्हतं. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर पद्माबाई. हातात ताट, ताटात हळदीकुंकू अन् अक्षता. तिच्यामागं गल्लीच्या तोंडाशी शिवकन्या लिंबाआड उभी, ओठ हलवून राहिली, पोरगं परीक्षेला बसलं की आई हलवते तसे. तवा मला कळलं की ही बाई वर्ग सोडून कुठं जात व्हती.

पद्माबाईनं मला हळद लावली, कुंकू लावलं. अर्धं कुंकू माझ्या नाकावर पडलं. मंग ती ताठ उभी राहिली.

"जिवनबाई. टुमारो, हळद. माऊली, माय सन." थांबली. लिंबाकडं बघितलं न्हाई, माझ्याकडंच बघितलं. "माऊली, युवर सन. यू कम फर्स्ट. यू नो कम, नो हळद."

मला किती तरी बोलायचं व्हतं. पण तोंडातून वर्गात रोज घोकलेलं तेच निघालं, "आय ॲम फाइन. थँक यू."

मला वाटलं, आता जाईल. ती गेली न्हाई. ताट ओट्यावर ठेवलं अन् हात पुढं केला.

"गिव्ह सारी."

कोनती साडी ते मला काय माहीत न्हवतं? पण मी बी सुखासुखी देणारी न्हाई. दोन साल थांबले, तर मला तिच्या तोंडून ऐकायचं व्हतं. विचारलं, "व्हॉट कलर?"

"ग्रीन," पद्माबाई म्हणली.

पेटीच्या तळातून काढली. डांबरगोळ्यांचा वास येत व्हता, घडी मांडवात मोडली व्हती तशीच. पद्माबाईनं साडी उलगडून खांद्यावर टाकली अन् दाराशेजारच्या आरशासमोर उभी राहिली. बारीक काठ तिच्या सावळ्या रंगाला असा खुलला, की त्या दुकानदाराला बोलावून दाखवावं. ती वळून म्हणली, "हाऊ इज इट?"

माझ्या जिभेवर लगेच आलं. काहून बाई, बुजगावण्याची साडी आज काहून गोड लागून राहिली? असं दोन सालांचं साठवलेलं सगळं व्याजासकट आलं. मी तोंड उघडलं. पण मराठीत न बोलायची शपथ, अन् बुजगावण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शिवकन्यानं शिकवलं न्हवतं.

म्हणून म्हणले, "व्हेरी गुड."